भोगवटा आणि मालकी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं म्हणून आज आपण सर्व येथें जमलों आहों. अशा प्रसंगीं गत काळाचा गौरव करावा, हयात असलेल्या वडील मंडळींचा सत्कार करावा आणि परलोकवासी झालेल्यांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण करावें, ही रीत योग्यच आहे. आणि तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मला नेमून दिलेला विषय मात्र गेलेल्यांविषयीं नसून अद्याप जन्मास न आलेल्यांविषयीं आहे. सृष्टीचें रक्षण करण्याची जबाबदारी नीतिदृष्ट्या कोणावर आहे, आणि ती कोणाच्या हितासाठीं आहे, ह्याचा विचार आपणांसमोर मांडण्याची मला आज्ञा झाली आहे.

विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून ज्या निमित्तानें आपण जमलों त्या ‘ज्युबिली’ ह्या शब्दापासूनच आरंभ करितों. हा शब्द मूळ इब्री भाषेंतून आला असून पवित्र शास्त्रांतील लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याची हकीगत आहे. इस्राएल लोकांस अशी आज्ञा होती कीं, सात वर्षांचीं सात आवर्तनें पुरीं झालीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून देशभर योबेल वर्ष पुकारावें. त्या वर्षीं पेरणी करूं नये. दास झालेल्यांस मोकळें करावें. आणि विकली गेलेली जमीन ज्या घराण्याची असेल त्या घराण्याकडे परत जावी. दिवे लावून आणि घंटा वाजवून आपण जी ज्युबिली साजरी करीत आहों, तिचा मूळ संबंध हा असा जमिनीशीं आहे.

ह्या आज्ञेंतील एक कलम फारसें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. जमिनीची किंमत कशी ठरवावी हें तेथें सांगितलें आहे. पुढील योबेलास जितकीं वर्षें उरलीं असतील तितक्या पिकांचा हिशेब करून मोबदला घ्यावा. वर्षें पुष्कळ असल्यास किंमत अधिक, थोडीं असल्यास कमी. ह्याचा अर्थ असा कीं, विकणारा जमीन विकतच नाहीं, तो कांहीं वर्षांचीं पिकें विकतो. जमीन विकण्याचा अधिकार त्याला नाहींच, कारण ती त्याची नाहीं. आपल्या दप्तरी भाषेंत बोलावयाचें तर मनुष्याकडे भोगवटा आहे, मालकी नाहीं. मालक परमेश्वर आहे, आणि आपण सर्व त्याचीं कुळें आहों. कुळानें पीक घ्यावें, पोट भरावें, घर बांधावें. पण जमीन नासवून तिचा ताबा सोडूं नये, हा कुळाचा धर्म होय.

नाबोथाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता, आणि अहाब राजास तेथें भाजीचा मळा करावयाचा होता. राजानें आरंभीं जुलूम केला नाहीं. ह्याहून चांगला मळा देतों, किंवा रोख किंमत देतों, असें तो म्हणाला. वरवर पाहतां ही मागणी अन्यायाची नव्हती. आजचा कोणीही व्यवहारी मनुष्य ती पत्करील. परंतु नाबोथानें नकार दिला, कारण ती वाडवडिलांपासून आलेली ठेव होती. व्यवहारांत घेणारा आणि देणारा असे दोनच पक्ष राजाला दिसत होते. नाबोथाला तिसराही दिसत होता. तो म्हणजे पुढें येणारा. पुढें अहाबाच्या हातून जो घोर अन्याय घडला, त्याचें बीज ह्या न दिसलेल्या तिसऱ्या पक्षांत होतें. माझें आजचें सारें बोलणें ह्या तिसऱ्या पक्षाविषयींच आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी आणि दक्षिणेस वसईची खाडी, ह्यांच्या मध्यें आपला हा सखल पट्टा पसरलेला आहे. येथें चार महिने पाऊस पडतो आणि आठ महिने आपण त्या चार महिन्यांच्या सांठ्यावर जगतों. केळीच्या बागा, पानवेली, फुलें, भाजीपाला हें वैभव ज्या पाण्यावर उभें राहिलें, तें विहिरींचें आणि बावखलांचें पाणी होय. बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांनीं वाडीच्या कडेला खणलेलें तळें. पावसाळ्यांत तें भरे, पुराचें पाणी आपल्या पोटांत घेई, हळूहळू जमिनींत मुरवी आणि भोंवतालच्या विहिरी जिवंत ठेवी.

हें पाणी जमिनीखालीं कसें राहतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण आपल्या कर्तव्याचा प्रश्न तेथेंच दडलेला आहे. समुद्राचें खारें पाणी किनाऱ्याच्या जमिनीच्या पोटांतून बरेंच आंतपर्यंत आलेलें असतें. पावसाचें मुरलेलें गोडें पाणी, तेल पाण्यावर तरंगावें तसें, ह्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. कारण खारें पाणी किंचित् जड असतें. जितक्या जागेंत गोडें पाणी १,००० शेर मावेल, तितक्याच जागेंत समुद्राचें पाणी सुमारें १,०२५ शेर भरतें. ह्या लहानशा फरकावर किनाऱ्यावरील सर्व विहिरींचें जीवन अवलंबून आहे. घायबेन नांवाच्या एका डच लष्करी इंजिनियरानें १८८९ च्या सुमारास, आणि हर्झबर्ग नांवाच्या जर्मन गृहस्थानें १९०१ सालीं, ह्याचा हिशेब मांडला. विहिरींतील गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ फूट उंच असेल, तर समुद्राच्या पातळीखालीं सुमारें ४० फूट खोलपर्यंत गोडें पाणी सांपडतें. उलटपक्षीं, उपशामुळें वरची पातळी १ फूट उतरली आणि तशीच उतरलेली राहिली, तर खालचें खारें पाणी काळांतरानें ४० फूट वर चढूं शकतें. खडकाप्रमाणें व मातीप्रमाणें ह्या प्रमाणांत फरक पडतो, परंतु तत्त्व बदलत नाहीं. वरून आपण एक घेतों आणि खालून चाळीस गमावतों. आणि जें गमावलें तें डोळ्यांना दिसत नाहीं.

पूर्वीं रहाटाला बैल जुंपीत. बैल दमला कीं रहाट थांबे, आणि रहाट थांबला कीं विहीर पुन्हां भरे. आपले पूर्वज आपल्याहून अधिक सात्त्विक होते असें मी म्हणत नाहीं. त्यांच्या साधनांसच मर्यादा होती, आणि त्या मर्यादेमुळें आपल्या वांट्याचें पाणी शिल्लक राहिलें. पुढें तेलाचें इंजिन आलें, मागाहून विजेचा पंप आला. पंप दमत नाहीं. त्यानंतर रेल्वेच्या दोन्ही बाजूंस शहरें वाढलीं, तहानलेल्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि गांवांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी टँकरांत भरून विकण्याचा धंदा निघाला. जमिनीचे भाव चढले, तेव्हां बावखल ही रिकामी पडलेली जागा वाटूं लागली, आणि अनेक बावखलें भराव टाकून बुजविण्यांत आलीं. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारच्या परिसरांत पुराचें पाणी शिरून रेल्वे बंद पडली आणि मिठागरांतील कुटुंबें अडकून पडलीं. त्या दिवसांत पावसाचा जोर विलक्षण होता हें खरें. परंतु जें पाणी पूर्वीं बावखलांत, खाजणांत आणि मोकळ्या रानांत जाऊन विसावत असे, त्याला विसाव्याची जागा उरली नव्हती, हेंही तितकेंच खरें. त्याच पाण्यासाठीं मे महिन्यांत आपण वणवण करितों आणि जुलैंत त्यालाच घराबाहेर काढतों.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, ह्यांत दोषी कोण? ज्यानें टँकर भरून दिला त्यास विचारा. तो म्हणेल, माझ्या विहिरीचें पाणी अजून गोडें आहे. मीं कोणाचें काय घेतलें? ज्यानें बावखल बुजविलें तो म्हणेल, जागा माझी, सातबारा माझ्या नांवाचा. ज्यानें टँकर विकत घेतला तो म्हणेल, माझ्या मुलांनीं तहानलेलें राहावें काय? तिघेही खोटें बोलत नाहींत. आणि तरीही कांहीं वर्षांनीं चवथ्याच कोणाची विहीर मचूळ होते, त्याच्या वाडींतील पानवेल करपते, आणि ह्या हानीचा जाब कोणास विचारावा हें त्याला कळत नाहीं.

चोरींत चोर असतो, चोरीस गेलेली वस्तु असते आणि धनी असतो. तिन्ही डोळ्यांना दिसतात. पापनिवेदनास जातांना आपण मनाची जी झडती घेतों, ती बहुतेक अशा दिसणाऱ्या अपराधांचीच असते. शेजाऱ्याचा बांध कोरला तर मनुष्यास टोंचणी लागते. परंतु शेजाऱ्याच्या नातवाचें पाणी उपसलें म्हणून कोणाची झोंप मोडल्याचें ऐकिवांत नाहीं. ह्याचें कारण आपण दुष्ट झालों आहों हें नव्हे. आपली शक्ति वाढली, पण आपली सदसद्विवेकबुद्धि जुन्याच मापाची राहिली, हें त्याचें कारण आहे. हान्स योनास नांवाच्या तत्त्ववेत्त्यानें १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला आहे. आजवरचें नीतिशास्त्र जवळच्या मनुष्यापुरतें आणि चालू काळापुरतें होतें. परंतु यंत्रविद्येनें मनुष्याच्या कृतीचा परिणाम शतकांपलीकडे नेला असल्यामुळें त्याची जबाबदारीही तितकीच दूर गेली पाहिजे, असें त्याचें म्हणणें आहे.

आपला शेजारी कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून प्रभूनें शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगितली. तेथें जखमी मनुष्य रस्त्यांत पडलेला दिसत होता, म्हणून त्याच्याजवळ जातां आलें. पुढील पिढीचा मनुष्य अजून त्या वाटेनें आलेलाच नाहीं. त्याला लुटण्याचें काम मात्र आजच चालूं आहे. तो आपल्या दाराशीं येऊन ओरडूं शकत नाहीं, कोर्टांत उभा राहूं शकत नाहीं, मत देऊं शकत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें बोलणारा विश्वस्त पाहिजे, आणि आज जिवंत असलेल्यांवांचून दुसरा विश्वस्त त्याला मिळणें शक्य नाहीं.

जें आपल्या विहिरीचें, तेंच साऱ्या पृथ्वीचें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. कोळसा जाळल्यानें पृथ्वीची उष्णता वाढेल, हें स्वीडनच्या अर्‍हेनियस नामक शास्त्रज्ञानें १८९६ सालींच गणितानें दाखविलें होतें. हवेंत गेलेल्या ह्या वायूचा बराच अंश शेंकडों वर्षें तेथेंच राहतो. २०२४ हें साल मोजणी सुरूं झाल्यापासून सर्वांत उष्ण ठरलें. यंत्रयुगापूर्वींच्या मानानें त्या वर्षींची सरासरी उष्णता सुमारें दीड अंशानें अधिक होती. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें आठ इंच चढली आहे. आणि समुद्र चढला म्हणजे किनाऱ्याच्या विहिरींवर दुसऱ्या बाजूनेंही संकट येतें. वरून उपसा आणि खालून समुद्र, अशा कात्रींत गोडें पाणी सांपडतें. ज्यांच्या गिरण्यांचा धूर आपण कधीं पाहिला नाहीं, त्यांचा आपल्या विहिरीशीं संबंध आहे. आणि आपल्या चुलीचा, गाडीचा, दिव्याचा संबंध दूरच्या कोण्या बेटावरील कोळ्याच्या झोंपडीशीं आहे. ज्या गरिबांनीं हा धूर सर्वांत कमी केला, त्यांच्याच दारीं पाणी सर्वांआधीं येतें.

परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं ‘लाउदातो सी’ नामक जें परिपत्रक काढलें, त्यांतील एक महत्त्वाचा विचार हाच आहे. सृष्टीचें दुःख आणि गरिबांचें दुःख हीं दोन निराळीं संकटें नसून एकच संकट आहे, असें त्यांनीं दाखविलें. आणि पुढील पिढ्यांचा विचार करणें ही ऐच्छिक भूतदया नव्हे, तो न्यायाचा प्रश्न आहे, असें बजाविलें. दया करणें न करणें मनुष्याच्या मर्जीवर आहे, असें आपण समजतों; न्यायाचें देणें मात्र चुकवितां येत नाहीं. म्हणून हा शब्दांचा भेद मोठा आहे.

ह्यावर कांहीं आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार न करितां पुढें जाणें बरें नव्हे. पहिला आक्षेप गरजेचा. घरांत आजारपण आहे, मुलीचें लग्न आहे, मुलाच्या शिक्षणाची फी भरावयाची आहे. अशा वेळीं जमिनीचा तुकडा विकला, पाण्याचे चार पैसे घेतले, तर तें पाप काय? मी म्हणतों, गरजेनें गांजलेल्या मनुष्यावर धोंडा उचलण्याचा अधिकार कोणास नाहीं. शास्त्रानेंही गरिबीमुळें जमीन विकावी लागेल हें गृहीत धरलें आहे. म्हणून तर ती सोडवून घेण्याची जबाबदारी त्याच्या जवळच्या आप्तावर टाकली. म्हणजे एका घराची अडचण ही साऱ्या कुळाची अडचण मानली जावी. आपल्यांतील एकादें कुटुंब अडचणीपायीं विहीर विकावयास निघालें, तर त्याला दोष देण्यापूर्वीं, आपल्या पतपेढीनें व आपल्या मंडळांनीं त्याला वेळेवर हात दिला होता काय, हें विचारलें पाहिजे. त्याचप्रमाणें, शहरांतील चाळींत राहणारा जो मनुष्य टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उभा आहे, तो आपला शत्रु नव्हे. त्याला पाणी मिळालेंच पाहिजे. परंतु तें सर्वांच्या संमतीनें, मोजून आणि भरपाई करून मिळालें पाहिजे. जो अधिक बोली बोलेल त्याच्या नळींतून तें जाऊं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, पुढील लोक आपल्याहून शहाणे निघतील. ते कांहींतरी युक्ति काढतील. ही आशा मनुष्यानें जरूर बाळगावी, पण तिच्यावर दुसऱ्याचें घर गहाण टाकूं नये. आपलें कर्ज मुलगा फेडील म्हणून बेफिकीर खर्च करणाऱ्या बापास आपण शहाणा म्हणत नाहीं.

तिसरा आक्षेप निराशेचा: जग एवढें मोठें, आपल्यासारख्या मूठभरांनीं काय होणार? ह्याला उत्तर इतिहास देतो. शीतपेट्यांत वापरल्या जाणाऱ्या कांहीं वायूंमुळें सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करणारें ओझोनचें आवरण नष्ट होईल, असा इशारा मोलिना व रोलंड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दिला. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील आवरण विरळ झाल्याचें उघडकीस आलें. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें करार झाला, पुढें जगांतील सर्व राष्ट्रांनीं तो मान्य केला, ते वायू बहुतेक बंद झाले, आणि आज तें आवरण हळूहळू भरून येत आहे. न दिसणारी हानि मोजली गेली, ती सर्वांनीं मान्य केली, आणि सर्वांनीं मिळून हात आंवरला. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आपल्या तालुक्यांतही ह्याचें उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचें संकट आलें, तेव्हां हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र आले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं त्यांचें नेतृत्व केलें. फादर २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले. मराठी साहित्याचे सेवक म्हणून त्यांची कीर्ति महाराष्ट्रभर आहे. परंतु धर्मगुरूनें वेदीवर प्रार्थना करावी आणि विहिरीसाठीं रस्त्यावरही उतरावें, ह्यांत विसंगति नाहीं, हा त्यांचा धडा आपल्यासाठीं अधिक मोलाचा आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोर्चानें परक्याचा हात अडवितां येतो. स्वतःचा हात मोर्चानें अडत नाहीं. जमीन घेणारा बाहेरचा असेल, पण देणाऱ्याची सही आपल्याच गांवची असते.

म्हणून ह्या सुवर्णमहोत्सवाचें एक चिरस्थायी स्मारक असावें, अशी माझी विनंति आहे. तें दगडाचें नसावें. तें एक पुस्तक असावें. आपल्या देवळांत बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि मृत्यूची नोंदवही आहे. कोण जन्मले आणि कोण गेले, ह्याचा लेखी पुरावा धर्मगुरूंनीं जपून ठेविला आहे. त्याच कपाटांत चौथी वही ठेवावी. ती विहिरींची व बावखलांची वही. दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वीं, प्रत्येक वाडींतील तरुणांनीं दोरी घेऊन प्रत्येक विहिरीचें पाणी किती फुटांवर आहे तें मोजावें, चव गोडी कीं मचूळ तें लिहावें, आणि कोणतें बावखल शाबूत आहे, कोणतें गाळानें भरलें, कोणतें बुजविलें गेलें, ह्याची नोंद करावी. प्रत्येक विहिरीसमोर त्या घरीं त्या वर्षीं बाप्तिस्मा झालेल्या मुलांचीं नांवें लिहावीं. ह्या कामास खर्च नाहीं. एक दोरी, एक वही आणि थोडी चिकाटी पुरे.

ह्या वहीनें काय होईल? जी हानि आज कोणाला दिसत नाहीं, ती दिसूं लागेल. कोणाच्या वाडींत पातळी उतरली आणि कोणाच्या वाडींत टिकली, हें सर्वांस कळेल. मग छपराचें पाणी विहिरींत सोडण्याचें, बावखलांतील गाळ उपसण्याचें आणि उपशाला मर्यादा घालण्याचें काम कोणा एकट्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाहीं. तें गांवाच्या शब्दाचें काम होईल. हानि मोजली गेली म्हणजे दोष लपत नाहीं. आणि दोष लपत नाहीं तेथेंच न्यायाला आरंभ होतो.

आणखी पन्नास वर्षांनीं ह्या धर्मग्रामाचा शतमहोत्सव होईल. आज ज्यांचा बाप्तिस्मा होत आहे, तीं मुलें त्या वेळीं आपल्या आजच्या पंचांच्या वयाचीं असतील. आजची ही स्मरणिका तीं उघडतील, आपलीं भाषणें वाचतील, आणि मग ती चौथी वही मागतील. भाषणांवरून आपण काय बोललों तें त्यांस कळेल. वहीवरून आपण काय केलें तें कळेल. शेवटच्या पानावर पाणी गोडें आहे असें लिहिलेलें आढळलें, तर भोगवटा घेतलेल्या कुळांनीं मालकाची जमीन राखली, असें तीं म्हणतील. तसें म्हणण्याची संधि त्यांना देणें हें आपलें ऋण आहे. तें फेडण्याची बुद्धि आणि बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करितों.